हाताने फिरवायचा रेडिओ: वादळासाठी घ्यावा, मोबाईलसाठी नव्हे

वादळाच्या तयारीचे साहित्य म्हणून जी उपकरणे विकली जातात, त्यांत एका बाजूस घडीचा दांडा, माथ्यावर लहानशी सौरपट्टी आणि पुढच्या टोकाला टॉर्च असलेला, हातात मावणारा रेडिओ हमखास आढळतो. निरनिराळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या या रेडिओंची अंतर्गत रचना बहुतांशी सारखीच असते, त्यामुळे पुढील परीक्षण कोणा एका कंपनीच्या मालाचे नसून या प्रकारच्या उपकरणाचे आहे असे समजावे. माझ्याकडील रेडिओत २००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची लिथियम-आयन बॅटरी, एफएम आणि मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) असे दोन बँड, टॉर्च, वाचनाचा मंद दिवा, मदतीसाठी भोंगा आणि मोबाईल चार्ज करण्यासाठी यूएसबीची खाच आहे. वेष्टनावर सर्वांत ठळक अक्षरांत मोबाईल चार्ज करण्याची सोय छापलेली आहे आणि रेडिओचा उल्लेख त्याखाली, बारीक अक्षरांत येतो. वापरानंतर माझा क्रम याच्या नेमका उलट झाला आहे: रेडिओ म्हणून ही वस्तू विश्वासू आहे, टॉर्च म्हणून कामापुरती आहे आणि चार्जर म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे.

असे उपकरण दुकानात दांडा दोनदा फिरवून तपासता येत नाही, आणि प्रत्यक्ष वादळात तपासायचे म्हटले तर दोष सापडूनही उपयोग नसतो. म्हणून जोडून आलेल्या सुट्टीत घरातील सर्व मोबाईल बंद करून कपाटात ठेवले, संगणक, दूरचित्रवाणी आणि वायफायचा राउटर यांची जोडणी काढली, आणि बाहेरच्या जगाची खबर केवळ या रेडिओवरून घ्यायची असे ठरवले. पुढे वादळी पावसात वीज गेली तेव्हाही तोच रेडिओ वापरला. तंत्रज्ञानापासून थोडी विश्रांती घेणे आणि वादळाची तयारी करणे या दोन वेगळ्या इच्छा वाटतात, पण घरात करायची कामे दोन्हींत एकच असतात. मोबाईल बंद केला की घड्याळ, गजर, टॉर्च, नकाशा, गणकयंत्र, नातेवाइकांचे क्रमांक आणि पैसे देण्याचे साधन एकाच क्षणी हातातून जाते. वादळात हे सारे आपल्या इच्छेविरुद्ध आणि बहुधा रात्री जाते, तर सुट्टीत दिवसाउजेडी आणि राजीखुशीने जाते, एवढाच फरक. त्यामुळे कोणती उणीव कशाने भरून काढायची, हे शांतपणे ठरवण्याची संधी सुट्टीतच मिळते.

मोबाईल असताना वेगळ्या रेडिओची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. मोबाईलचा मनोरा सामान्यतः सार्वजनिक वीजपुरवठ्यावर चालतो. वीज गेली की बॅटऱ्यांवर काही तास आणि सोय असल्यास जनित्रावर आणखी काही काळ तो तग धरतो, पण इंधन पोहोचवणारे रस्ते बंद झाले किंवा उन्मळून पडलेल्या झाडांनी केबल तुटल्या की तो मुका होतो. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया हे चक्रीवादळ पोर्तो रिको बेटावर धडकले तेव्हा तेथील सुमारे ९५ टक्के मोबाईल केंद्रे बंद पडल्याची अधिकृत नोंद आहे. याउलट रेडिओचे एकच प्रक्षेपण केंद्र कित्येक किलोमीटरचा परिसर व्यापते, म्हणजे सांभाळायच्या जागा मोजक्याच असतात. शिवाय ऐकणारे शंभर असोत वा दहा लाख, प्रक्षेपकावर त्याचा काहीही भार पडत नाही. संकटाच्या वेळी सर्वांनी एकदम फोन लावल्यावर जाळे तुंबते, तशी अडचण रेडिओपुढे कधी येत नाही. प्रक्षेपण केंद्रेही वादळात पडतात हे खरे, परंतु एक केंद्र बंद पडले तरी मध्यम लहरींवर दूरचे दुसरे केंद्र सापडण्याची शक्यता राहते, आणि रात्री ती पुष्कळच वाढते.

हे रात्रीचे प्रकरण या रेडिओवर ऐकण्यासारखे आहे. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबराचा सर्वांत खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरळ होतो आणि त्याच लहरी त्याहून वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात. दुपारी जेथे नुसती खरखर होती तेथे रात्री अनोळखी भाषांतील बातम्या ऐकू येऊ लागतात. मध्यम लहरींचा अँटेना रेडिओच्या पोटात, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेल्या तारेच्या रूपात असतो आणि तो दिशा ओळखतो, त्यामुळे आवाज क्षीण असेल तेव्हा वरची दांडी ओढत बसण्यापेक्षा संपूर्ण रेडिओच पाव फेरा वळवून पाहावा. वरची ताणून लांब होणारी दांडी केवळ एफएमसाठी असते. १०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास तरंगलांबी ३ मीटर येते आणि तिचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर, ही दांडीची चांगली लांबी ठरते. या रेडिओची दांडी त्याच्या निम्मीही नाही, आणि ही कंजुषी डोळ्यांत भरते. तेवढ्या लांबीची साधी तार चिमट्याने दांडीला जोडल्यावर एफएमचा आवाज लक्षणीय सुधारतो. मात्र तार घराबाहेर काढू नये, आणि विजा चमकत असताना तर मुळीच नाही.

अंकदर्शक पडद्याऐवजी फिरती चकती असणे हा येथे मला गुण वाटला. चकतीवर केंद्र लावताना हात स्थिर लागतो आणि शेजारची केंद्रे एकमेकांत मिसळतात, ही तक्रार खोटी नाही. परंतु अंधारातही बोटांना तिचा अंदाज येतो, पडद्यासाठी वीज खर्च होत नाही आणि बॅटरी उतरल्यावर जतन केलेली केंद्रे पुसली जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मी स्थानिक केंद्रांच्या जागी चकतीच्या कडेला पक्क्या शाईने बारीक खुणा केल्या आहेत. ध्वनिक्षेपक लहान असल्याने संगीत पत्र्यासारखे वाजते, पण निवेदकाचा आवाज स्वच्छ येतो, आणि ज्या कामासाठी ही वस्तू घ्यायची त्याला तेच पुरेसे आहे.

वीज गेल्यावर मध्यम लहरींवरील आवाज एकाएकी स्वच्छ होतो, हा अनुभव मजेदार असला तरी त्यामागे सरळ कारण आहे. मोबाईलचे चार्जर, स्वस्त एलईडी दिवे आणि राउटरचे अडॅप्टर हे सर्व मध्यम लहरींच्या पट्ट्यात सतत गोंगाट ओततात, आणि पुरवठा बंद झाला की तो गोंगाट थांबतो. ‘मध्यम लहरींवर काहीच लागत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी म्हणून घरातील चार्जर काढून, खिडकीजवळ उभे राहून पुन्हा ऐकावे. माझ्या घरी सुट्टीच्या पहिल्याच संध्याकाळी राउटर बंद असल्याचा सर्वांत ठळक फायदा हाच झाला.

मध्यम लहरींचा आणखी एक उपयोग माहितीपत्रकात कोठेही नमूद केलेला नाही. वीज चमकते तेव्हा निघणारे विद्युतचुंबकीय स्पंद या पट्ट्यात कडकड आवाजाच्या रूपात ऐकू येतात, आणि ढग अद्याप क्षितिजाआड असले तरी ते उमटतात. एफएमचे तंत्र तरंगाच्या उंचीतील फरकाकडे दुर्लक्ष करणारे असल्याने तेथे असे आवाज सहसा येत नाहीत. दोन केंद्रांमधील रिकाम्या जागी चकती ठेवून आवाज बारीक केला तर कडकडाटाची वारंवारता वाढते आहे की कमी होते आहे, एवढे निश्चित कळते. अंतर मात्र यावरून मोजता येत नाही. त्यासाठी चमक आणि गडगडाट यांमधील सेकंद मोजून त्यांना ३ ने भागण्याची जुनी रीत आहे, कारण ध्वनीला एक किलोमीटर जाण्यास सुमारे ३ सेकंद लागतात. हा काळ ३० सेकंदांपेक्षा कमी असल्यास वीज १० किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्क्या छताखाली जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे.

आता दांड्याकडे वळू, कारण ग्राहक पैसे बहुतेक त्याच्याकडे पाहूनच मोजतो. हाताने चालणारा रेडिओ जगासमोर आणण्याचे श्रेय ट्रेव्हर बेलिस या ब्रिटिश संशोधकास जाते. आफ्रिकेत एड्सविषयीची माहिती दूरच्या वस्त्यांपर्यंत पोहोचवण्यातील अडचणींवरचा कार्यक्रम पाहून १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांना ही कल्पना सुचली. त्यांच्या मूळ रेडिओत बॅटरी नव्हतीच. दांडा फिरवला की पोलादी स्प्रिंग आवळली जाई आणि ती सावकाश सुटताना लहान जनित्र फिरवीत असे. आजच्या स्वस्त रेडिओंत ती स्प्रिंग नाही. दांडा थेट डायनॅमो फिरवतो आणि डायनॅमो बॅटरी भरतो. यामुळे वस्तू हलकी आणि स्वस्त झाली, पण तिचे सारे भवितव्य आतल्या एका बॅटरीवर येऊन ठेपले. पुष्कळ नमुन्यांत बॅटरी पूर्ण निकामी झाल्यावर दांडा कितीही फिरवला तरी रेडिओ नीट चालत नाही. हात थकल्यावर आणि बॅटरी संपल्यावरही चालेल अशी जी प्रतिमा जाहिरातीत उभी केली जाते, ती मूळच्या स्प्रिंगच्या रेडिओला शोभली असती.

दांड्यातून किती वीज मिळते याचा हिशेब केल्याशिवाय वस्तूचे खरे मोल कळत नाही. सेकंदाला दोन फेरे अशा नेटाच्या गतीने फिरवल्यास अशा लहान डायनॅमोतून बॅटरीपर्यंत साधारण १ वॅट पोहोचतो असे धरू. मध्यम आवाजात रेडिओला सुमारे ०.२ वॅट लागतात. म्हणजे एक मिनिट फिरवले की पाच मिनिटे ऐकता येते, आणि हा सौदा वाईट नाही. तीन मिनिटे फिरवून पाव तासाचे बातमीपत्र आणि हवामानाचा इशारा ऐकणे कोणालाही जमते, घरातील मुले तर त्यासाठी भांडतात. आता तोच हिशेब मोबाईलला लावून पाहावा. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. तिच्या पाच टक्क्यांसाठी जवळपास १ वॅट-तास हवा, म्हणजेच न थांबता तासभर दांडा फिरवणे आले. त्यात व्होल्टेज वाढवताना होणारी घट मिळवली तर तासाहूनही अधिक. असे एखादा निरोप पाठवण्यापुरते करता येईल, पण दांड्याचे सांधे प्लास्टिकचे असतात आणि एवढा छळ सोसण्यासाठी ते बनवलेले नसतात. रेडिओची पूर्ण भरलेली बॅटरीही ७.४ वॅट-तासांचीच असते. ती संपूर्ण मोबाईलला दिली तरी घट जाता त्याची बॅटरी जेमतेम एकतृतीयांश भरेल, आणि त्या बदल्यात दीड दिवस ऐकता आले असते एवढा रेडिओ गमवावा लागेल. मोबाईलसाठी १०,००० मिलिअँपिअर-तासांची स्वतंत्र पॉवर बँक वादळाचा पहिला इशारा येताच भरून ठेवणे हा कितीतरी शहाणपणाचा मार्ग आहे. तिच्यात सुमारे ३७ वॅट-तास असतात आणि हात दुखत नाहीत.

सौरपट्टीबद्दल थोडक्यात सांगता येईल. तिचे क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस सेंटिमीटर आहे. भर दुपारच्या निरभ्र उन्हात एवढ्या जागेवर ४ वॅट प्रकाश पडतो आणि चांगल्या पट्टीतून त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे ०.८ वॅट, वीज होऊन निघतो. वादळी ढगांखाली याचा दहावा भागही कठीण असतो. शिवाय पट्टीने बॅटरी भरण्यासाठी रेडिओ उन्हात तापत ठेवावा, तर आतली लिथियम बॅटरी ४५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानात चार्ज करणे तिच्या आयुष्याला घातक ठरते. वादळ ओसरल्यानंतर, पुरवठा कित्येक दिवस येणार नसेल तेव्हा, या पट्टीचा थोडा आधार वाटेल, पण तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. टॉर्चचा झोत जिना उतरण्यास पुरतो. वाचनाचा दिवा मात्र अनपेक्षितपणे चांगला निघाला, आणि मेणबत्तीची ज्योत वाऱ्याने पडद्याला लागण्याची भीती त्यात नाही. भोंग्याचा आवाज कर्कश आहे आणि तो तसाच हवा, पण त्याचा खटका टॉर्चच्या खटक्याला इतका लागून आहे की अंधारात चाचपडताना सारे घर जागे होते.

वस्तूचा सर्वांत गंभीर दोष बॅटरीचा आहे. असा रेडिओ वर्षातील बराच काळ कपाटात पडून राहतो, आणि लिथियम बॅटरीला ते मानवत नाही. ती हळूहळू आपोआप उतरत जाते, रेडिओच्या आतले विद्युत मंडल तिच्यातून सूक्ष्म प्रवाह ओढत राहतो, आणि व्होल्टेज फार खाली गेले की तिची कायमची हानी होते. याच कारणाने ‘घेऊन ठेवला, दोन वर्षांनी काढला, चालेना’ ही कथा इतक्यांदा ऐकू येते. बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवून, दर तीन महिन्यांनी तपासून पुन्हा भरणे आणि वादळाचा हंगाम सुरू होण्याआधी पूर्ण भरणे हा यावरचा उपाय आहे. माझ्या मते ही तपासणी टळू न देण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ती सुट्टीशी बांधणे: दर तीन महिन्यांनी एकदा मोबाईल बंद ठेवायचा आणि त्या काळात हाच रेडिओ ऐकायचा, म्हणजे बॅटरी उतरते, पुन्हा भरली जाते आणि बिघाड वेळेत कळतो. बाजारात असेही रेडिओ मिळतात ज्यांत अंतर्गत बॅटरीखेरीज पेन्सिल सेल घालण्याची जागा असते. शक्य तेव्हा तेच निवडावेत, कारण सुटे सेल वेगळे ठेवता येतात आणि गरजेच्या क्षणी बसवता येतात. अल्कलाइन सेल उपकरणात घालूनच साठवले तर ते पाझरतात आणि संपर्काच्या पट्ट्या गंजवतात, तेव्हा ते पिशवीत, रेडिओला बांधून, पण बाहेरच असावेत.

काही रेडिओंवर ‘हवामान बँड’ असा तिसरा बँड असतो. अमेरिका आणि कॅनडा येथे १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्‌झ या मर्यादेत सात वारंवारतांवर अखंड हवामानवार्ता प्रसारित करण्याची व्यवस्था उभारली गेली, आणि हा बँड तिच्यासाठी आहे. जेथे अशी सेवा नाही तेथे त्याचा उपयोग शून्य, मग वेष्टनावर त्याचे कितीही कौतुक असो. उलट काही देशांत एफएमच निवृत्त होत आहे: नॉर्वेने २०१७ मध्ये आपली राष्ट्रीय केंद्रे एफएमवरून डिजिटल प्रसारणावर नेली. मध्यम लहरींची केंद्रेही अनेक ठिकाणी बंद झाली आहेत. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या भागात इशारे नेमक्या कोणत्या केंद्रावरून आणि कोणत्या बँडवर दिले जातात, हे शोधून तोच बँड असलेला रेडिओ घ्यावा. पाण्यापासून संरक्षणाचा दावाही असाच वाचावा. आयपीएक्स३ म्हणजे वरून आणि तिरक्या येणाऱ्या तुषारांपासून संरक्षण, आयपीएक्स४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून, आणि आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. माझा रेडिओ पहिल्या वर्गातील आहे. तो पुरात पडला तर वाचणार नाही, आणि झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यास आवाज किंचित दबतो एवढेच.

आता मोबाईलविना राहण्याच्या अनुभवाचा विचार या परीक्षणात का यावा, तर रेडिओ बातम्या कशा देतो हाही त्याच्या गुणांचा भाग आहे. चक्रीवादळाविषयीची अधिकृत पत्रके सामान्यतः दर तीन किंवा दर सहा तासांनी निघतात, कारण वादळाचा मार्ग आणि जोर यांचे नवे आकलन करण्यास निरीक्षणे, गणिती प्रारूपे आणि तज्ज्ञांची चर्चा एवढे सारे लागते. दोन पत्रकांच्या मधल्या वेळात मोबाईलवर जे लोटते ते बहुतेक जुन्याच पत्रकाची चघळणी, जुनी छायाचित्रे आणि कोणाच्या तरी मेहुण्याने पाठवलेला ध्वनिसंदेश असतो. रेडिओवर ठरलेल्या वेळी ऐकायचे, वादळाचे स्थान, दिशा, वेग आणि वाऱ्याचा जोर कागदावर लिहून घ्यायचा आणि बंद करायचा, या शिस्तीत मधला वेळ मोकळा राहतो. त्या वेळात खिडक्यांच्या कड्या तपासता येतात, गच्चीवरच्या सैल वस्तू आत घेता येतात, पाणी भरता येते आणि कागदपत्रे पिशवीत बांधता येतात. बोट सरकवत बसलेल्या माणसाकडून यांतले एकही काम होत नाही, हे सुट्टीपूर्वी मी ऐकून होतो आणि सुट्टीत पाहिले.

याला एक अपवाद आहे आणि तो ठामपणे सांगितला पाहिजे. गडगडाटी वादळ, चक्रावात (टोर्नेडो) किंवा अचानक येणारा पूर यांत इशारा आणि संकट यांमध्ये काही मिनिटांचेच अंतर असते, तेथे तासाने लागणारे बातमीपत्र पुरत नाही. अशा इशाऱ्यांसाठी अनेक देशांत मोबाईलवर सेल ब्रॉडकास्ट ही पद्धत वापरली जाते. तीत एका मनोऱ्याच्या कक्षेतील सर्व फोनना एकाच वेळी संदेश जातो, त्याला इंटरनेट लागत नाही आणि फोन करणाऱ्यांच्या गर्दीचा त्यावर परिणाम होत नाही. म्हणून तंत्रज्ञानापासूनची सुट्टी आकाश निरभ्र असतानाच घ्यावी. इशारा लागू झाला की मोबाईल चालू करून, इंटरनेट बंद ठेवून, पडद्याचा उजेड कमी करून आणि वीज वाचवण्याची पद्धत निवडून तो हाताशी ठेवावा, आणि नातेवाइकांना फोन लावत बसण्यापेक्षा छोटा लेखी संदेश पाठवावा, कारण तुंबलेल्या जाळ्यातून तो अनेकदा निसटून पोहोचतो. दोन्ही साधने एकत्र असली की मोबाईल इशाऱ्यापुरता आणि निरोपापुरता उरतो, बाकीचा सारा भार रेडिओ उचलतो आणि मोबाईलची बॅटरी कितीतरी अधिक पुरते.

प्रबळ चक्रीवादळाच्या केंद्रभागात तर रेडिओचे मोल आणखी वाढते. वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा शांत मध्यभाग, डोक्यावर आला की वारा पडतो, कधी तारेही दिसतात, आणि संकट टळले अशी समजूत होऊन लोक नुकसान पाहण्यास बाहेर पडतात. काही वेळाने डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीची दुसरी बाजू येते आणि वारा विरुद्ध दिशेने, तितक्याच किंवा अधिक जोराने सुटतो. ही शांतता डोळ्याची आहे की वादळ खरोखर पुढे सरकले आहे, हे खिडकीतून पाहून ओळखता येत नाही. ते सांगणारा कोणीतरी हवा, आणि त्या घटकेला मोबाईलचे जाळे जागे असण्याची खात्री देता येत नाही.

मोबाईलवाचून जे अडते त्यातील बरेच काही रेडिओ भरून काढत नाही, तेव्हा त्याच्याबरोबर एका डब्यात इतर वस्तूही हव्यात. सेलवर चालणारे घड्याळ सर्वांत आधी ठेवावे, कारण बातमीपत्राची वेळ कळल्याशिवाय रेडिओचा अर्धा उपयोग वाया जातो, आणि या रेडिओत घड्याळ नाही, हे निर्मात्यांचे न समजणारे दुर्लक्ष आहे. कागदावर हाताने लिहिलेले महत्त्वाचे क्रमांक, परिसराचा छापील नकाशा, पेन्सिल, काही रोकड आणि वर सांगितलेले सेल एवढे घातले की डबा पूर्ण होतो. सुट्टीत घरातील एकालाही दुसऱ्याचा मोबाईल क्रमांक पाठ नव्हता, यावरून कागदाची निकड कळावी.

ज्यांच्याकडे चांगला सेलवरचा रेडिओ आणि वेगळी टॉर्च आधीपासून आहे, त्यांनी केवळ दांड्यासाठी ही वस्तू घेण्याचे कारण नाही, पुरेसे सेल साठवले की त्यांची गरज भागते. ज्यांच्याकडे काहीच नाही, किंवा जेथे पुरवठा एका वादळानंतर आठवडाभरही खंडित राहतो, त्यांना मी ती घेण्यास सुचवीन. घेताना मात्र चारही गोष्टी दुकानातच पाहून घ्याव्यात: पेन्सिल सेलची जागा आहे का, अंतर्गत बॅटरी पेच काढून बदलता येते का, बॅटरी काढलेल्या अवस्थेत दांडा फिरवल्यावर टॉर्च उजळते का, आणि दांड्याची मूठ मुक्तपणे फिरते की हाताला घासते. यांतील शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण न फिरणाऱ्या मुठीने तीन मिनिटांत तळहाताला फोड येतो आणि मग रेडिओ कोणी फिरवीत नाही. हमीपत्रात बॅटरी समाविष्ट आहे की वगळली आहे, तेही वाचावे, कारण ती वगळलेली असू शकते.